ऐतिहासिक चित्रपटांतील चुका : सिंहगडावरचा चंद्र आणि इतर काही

पायवाट (धागाकर्ता)

गेल्या काही वर्षांत शिवकाळावर आणि पेशवाईवर आलेले बरेच चित्रपट आणि मालिका मी पाहिल्या आणि त्यांत जे जे खटकले ते एका वहीत टिपून ठेवण्याची खोड मला लागली. ती वही आता भरत आली आहे, म्हणून हा धागा काढत आहे. कोणत्याही चित्रपटाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव आले की चर्चेचे दोन तट पडतात आणि मूळ मुद्दा असलेला गुलमोहर बिचारा बाजूलाच राहतो.

सुरुवात गुलमोहरापासूनच करतो. हे झाड मूळचे मादागास्करचे. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नोंदीत ते आले तेच १८२० च्या दशकात, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर. तरीही सतराव्या शतकातील मावळे लालभडक फुललेल्या गुलमोहराखालून घोडे दौडवत जाताना मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहेत. निलगिरीची सरळसोट झाडे ऑस्ट्रेलियाची. तळ्यात पसरलेली जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. गडाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना माजलेली घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेतले शोभेचे झुडूप म्हणून आपल्याकडे आणली गेली आणि मग रानभर झाली. या सगळ्यांवर कडी करते ते गाजर गवत. त्याची भारतातील पहिली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली, आणि पडद्यावर मात्र त्याच गवतात दबा धरून बसलेले हेर शत्रूच्या छावणीची टेहळणी करत असतात.

दुसरा भाग सातत्याच्या चुकांचा, ज्यांना चित्रपटवाले कंटिन्युइटीच्या चुका म्हणतात. एका दरबारी प्रसंगात समईच्या पाच वाती पेटलेल्या आहेत. पात्राचे वाक्य पुरे होईपर्यंत त्या तीन होतात आणि उत्तर देणाऱ्याच्या पाठीमागे पुन्हा पाच. एका लढाईत जखम डाव्या भुवईवर होते आणि पुढच्या दृश्यात उजव्या भुवईवर बांधलेली पट्टी दिसते. कपाळावरचे गंध तर इतक्या वेळा आकार बदलते की त्याचे स्वतंत्र कथानक होईल.

तिसरा भाग सनावळीचा. १६७४ च्या राज्याभिषेकाआधी पात्रे एकमेकांशी बोलताना 'छत्रपती' म्हणतात आणि त्याच काळात बाजारात शिवराई नाणी मोजली जातात. वास्तविक 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरे असलेली ती नाणी राज्याभिषेकापासूनची. तोड्याची बंदूक एकदा उडाली की पुन्हा दारू ठासून, गोळी घालून, काडीने दाबून, तोडा सरसावेपर्यंत बराच वेळ जातो, पण पडद्यावरचा बरकंदाज एका दमात चार बार काढतो. आणि सर्वांत ढोबळ चूक म्हणजे तानाजी मालुसरे मोहिमेवर निघण्याआधीच एक पात्र कोंढाण्याला 'सिंहगड' म्हणते. ज्याच्या मृत्यूमुळे गडाला ते नाव मिळाले असे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, तो माणूस जिवंत असताना ते नाव कोणाच्या तोंडी कसे येईल, एवढाही विचार लेखकाने केलेला नाही.

आपणांसही अशा चुका आढळल्या असतील तर लिहाव्यात. शक्य तर चूक का झाली असावी तेही लिहावे, कारण नुसती यादी वाचून करमणूक होते, पण कळत काहीच नाही.

दूरचा दिवा

वही चांगली भरली आहे, पण मला या उद्योगाचे प्रयोजन कळत नाही. तानाजी कडा चढत असताना ज्याचे लक्ष पायाखालच्या गवताच्या जातीकडे जाते, त्याच्यापुरता तो चित्रपट आधीच फसलेला असतो. आणि फसलेला नसेल, तर गवत कोणालाच दिसत नाही. चित्रपट हा काही दफ्तरखान्यातला कागद नव्हे.

कपडेपट

मी वेशभूषा विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून पायवाट यांच्या दुसऱ्या भागाबद्दल थोडे लिहिते.

चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, हे सर्वांना ऐकून माहीत असते. त्याचा अर्थ काय होतो ते प्रत्यक्ष उभे राहिल्याशिवाय कळत नाही. दरबाराचा पट उभा असेल तर कथेतील पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या दरबाराचे सगळे प्रसंग त्याच आठवड्यात उरकले जातात. एकाच प्रसंगातसुद्धा सगळ्यांना एकत्र दाखवणारा मास्टर शॉट सकाळी होतो आणि एखाद्या ज्येष्ठ नटाचे क्लोजअप त्याच्या तारखांप्रमाणे चार दिवसांनी. त्या चार दिवसांत पगडी काढलेली असते, मिशी उतरवून पुन्हा चिकटवलेली असते आणि समईतले तेल संपून वाती बदललेल्या असतात. यासाठी कंटिन्युइटीची वही ठेवणारा एक सहायक असतो, प्रत्येक शॉटनंतर छायाचित्रे काढली जातात, मुख्य पात्राच्या अंगरख्याच्या स्वच्छ, मळलेली, रक्ताळलेली आणि फाटलेली अशा चार-चार जोड्या आम्ही तयार ठेवतो. तरीही चूक होते. बरेचदा चूक होते ती वहीत नव्हे, संकलनाच्या टेबलावर. दिग्दर्शकाला ज्या टेकमध्ये नटाचे डोळे भरून आलेले आवडतात, त्याच टेकमध्ये दोन वाती विझलेल्या असतात, आणि मग वातींचा विचार कोणी करत नाही. वॉल्टर मर्च हे नामवंत संकलक कुठे कापावे याचे निकष सांगताना भावनेला ५१ टक्के वजन देतात आणि अवकाशातील सातत्याला अवघे ४ टक्के. माझा सारा विभाग त्या ४ टक्क्यांत येतो, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

आता एक असा प्रकार सांगते ज्यात सातत्याची चूक आणि इतिहासाची चूक एकाच क्षणी जन्माला येते. मुघल काळातील अंगरखा किंवा जामा छातीवरून आडवा घेऊन बगलेपाशी बंदांनी बांधत. हिंदू तो डाव्या बाजूला बांधत आणि मुसलमान उजव्या बाजूला, हा भेद त्या काळच्या चित्रांतही दिसतो. आम्ही एका दृश्यासाठी साठ माणसांचे बंद एकेक करून तपासले होते. पुढे संकलनात दोन पात्रे एकमेकांकडे पाहत आहेत असे वाटेना, म्हणून एक शॉट आरशातल्यासारखा उलटवण्यात आला. नजर जुळली. तलवार मात्र डाव्या हातात गेली आणि आमचा सरदार एका क्षणासाठी परधर्मीय झाला. चित्रपटगृहात ते कोणाच्याही लक्षात आले नाही. मी मात्र त्या क्षणी डोळे मिटून घेते.

रंगांबद्दल. भडक जांभळा आणि राणी रंग पाहिला की समजावे की कापड बाजारातून थेट आले आहे. कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये काढला. त्याआधी नीळ, मंजिष्ठा, लाख, हळद यांवरच सारा कारभार होता, आणि हिरवा रंग हवा असेल तर कापड एकदा निळीत आणि एकदा पिवळ्यात असे दोनदा बुडवावे लागे. त्यामुळे जुना हिरवा कधीच सपाट नसतो, तो कुठे निळसर तर कुठे पिवळसर झाक मारतो. तो रंग कॅमेऱ्यात मळका दिसतो अशी तक्रार होते आणि शेवटी यंत्रावर रंगवलेले कापडच येते. चोळ्यांचेही तसेच: पुढे गाठ मारण्याऐवजी पाठीमागे हूक, कारण नायिकेला तीच बेतशुद्ध वाटते.

चंद्रकोर

पायवाट यांनी जमिनीवर पाहिले, मी वर पाहण्याची विनंती करतो. ऐतिहासिक चित्रपटांत सर्वांत जास्त चुका आकाशात असतात.

सिंहगडाचा प्रसंग घ्या. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक पडदारूपात कडा चढणाऱ्या मावळ्यांच्या मागे ताटाएवढा पूर्ण चंद्र आहे. प्रत्यक्षात ती तिथी माघ वद्य नवमी, शके १५९१. वद्य नवमीचा चंद्र उगवतो तोच मध्यरात्र चांगली उलटून गेल्यावर, आणि तोही अर्ध्याहून कमी. ज्या माणसांना कड्याखाली कोणी पाहू नये असे वाटत होते, त्यांनी पौर्णिमा निवडली असती काय, हा साधा प्रश्न विचारला तरी पंचांग न उघडता चूक लक्षात यावी.

उलट उदाहरण पन्हाळ्याचे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले ती रात्र आषाढ पौर्णिमेची, १६६० मधली. तिथे चंद्र पूर्ण हवा. पावसाने आणि ढगांनी तो झाकला असेल, तर अधूनमधून ढगामागून पसरलेला उजेड तरी हवा. मी एका मालिकेत त्याच रात्री बीजेसारखी बारीक कोर पाहिली. लाल महालावरचा छापा १६६३ च्या चैत्र शुद्ध अष्टमीचा. त्या रात्री अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतीला टेकलेला असणार. म्हणजे तीन प्रसिद्ध रात्री आणि तिन्हींचा उजेड वेगवेगळा, पण पडद्यावर सगळीकडे तोच एक निळा चंद्र.

तिसरा डोळा

चंद्रकोर यांच्याशी मी सहमत होणार होतो, परंतु खात्री करावी म्हणून संगणकावरील तारांगणाच्या आज्ञावलीत ४ फेब्रुवारी १६७० ही त्या तिथीची प्रचलित इंग्रजी तारीख आणि पुण्याचे अक्षांश-रेखांश घालून पाहिले. त्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण दिसतो. मग चित्रपटवाले चुकले असे कसे म्हणावे? तिथीची नोंदच चुकली असण्याची शक्यता का धरू नये?

चंद्रकोर

तिसरा डोळा यांचे मनापासून आभार, कारण हा पूर्ण चंद्र पडद्यावर कुठून येत असावा याचा एक सुगावा त्यांनी नकळत दिला आहे.

मराठ्यांच्या इतिहासात आपण ज्या इंग्रजी तारखा वापरतो, त्या बहुतांश जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या आहेत. कॅथलिक देशांनी १५८२ मध्ये ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले, परंतु इंग्लंडने ते १७५२ पर्यंत स्वीकारले नव्हते, आणि मराठी इतिहासकारांनी तिथ्यांचे रूपांतर करताना शिवकाळापुरती तीच इंग्रजी पद्धत धरली. सतराव्या शतकात दोन्ही पद्धतींत १० दिवसांचे अंतर होते. म्हणूनच राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, ही तिथी जुन्या पद्धतीने ६ जून १६७४ आणि नव्या पद्धतीने १६ जून येते.

संगणकावरील तारांगणे मात्र साधारणपणे १५ ऑक्टोबर १५८२ नंतरची कोणतीही तारीख ग्रेगोरियन समजतात. आपण त्यात ४ फेब्रुवारी १६७० घातली की ती आज्ञावली आपल्याला दहा दिवस आधीचे आकाश दाखवते, आणि वद्य नवमीच्या दहा दिवस आधी म्हणजे पौर्णिमेच्या अलीकडेपलीकडे! आता १४ फेब्रुवारी घालून पाहावे. अमावास्येला सहा दिवस उरलेले दिसतील, म्हणजे वद्य नवमी अचूक जुळेल. पन्हाळ्यासाठी १२ जुलैऐवजी २२ जुलै १६६० घालावी, पौर्णिमा मिळेल. १२ जुलैच ठेवली तर पाचवी-सहावीची कोर मिळेल. ती मालिकेतली बारीक कोर याच वाटेने आली असेल असे मी म्हणणार नाही, पण योगायोग मजेदार आहे.

तिसरा डोळा

१४ फेब्रुवारी घालून पाहिले. चंद्र मध्यरात्रीनंतर बऱ्याच उशिरा उगवतो आणि अर्ध्याहून कमी आहे. तिथीच्या नोंदीवर घेतलेला आक्षेप मागे घेतो. लाल महालासाठी १५ एप्रिल १६६३ घातली, तीही अष्टमीला बरोबर लागू पडली.

छायाप्रकाश

मी छायाचित्रणाच्या बाजूने एक गोष्ट मांडतो. दिग्दर्शकाला पौर्णिमा आवडते म्हणून चंद्र येत नाही. आम्हाला उजेडाला कारण लागते म्हणून येतो. रानात, कड्यावर, मशाली विझवलेल्या असताना माणसांचे चेहरे दिसले तर प्रेक्षक विचारतो की हा प्रकाश कुठला. चंद्राचे बिंब एकदा दाखवले की त्या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि पुढची वीस मिनिटे आम्ही निर्धास्तपणे निळा प्रकाश टाकू शकतो. वद्य नवमीच्या खऱ्या अंधारात चित्रीकरण केले तर पडदा काळा दिसेल.

ही अडचण जुनी आहे. बाबुराव पेंटर यांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' काढला, तेव्हा त्यात कृत्रिम प्रकाश वापरला होता, आणि असे करणाऱ्या पहिल्या भारतीय चित्रपटांत त्याची गणना होते. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ रात्रीचे प्रसंग भर दिवसा चित्रित करून नंतर निळे रंगवले जात. त्यातली चूक ओळखायची असेल तर सावल्या पाहाव्यात: रात्रीच्या प्रसंगात प्रत्येक माणसाच्या पायाशी कातरून काढल्यासारखी काळी सावली असली, तर तो सूर्य आहे.

चंद्रकोर

आपला मुद्दा मान्य आहे, परंतु त्यावर मला उपाय सोपा दिसतो. निळा प्रकाश राहू द्यावा, बिंब काढावे. प्रेक्षक अंधाराचा संकेत म्हणून निळा प्रकाश मुकाट्याने स्वीकारतो. नाटकात तो शंभर वर्षे स्वीकारत आला आहे. प्रकाश हा संकेत आहे, पण चंद्राचे बिंब हे विधान आहे. ते दाखवले की 'त्या रात्री पौर्णिमा होती' असे चित्रपट सांगतो.

आणि हे बदलता येते. 'टायटॅनिक' बुडाल्याच्या रात्रीचे तारे चित्रपटात चुकीचे आहेत अशी तक्रार नील डीग्रास टायसन या खगोलशास्त्रज्ञांनी केली होती. जेम्स कॅमेरॉन यांनी २०१२ च्या पुनःप्रदर्शनासाठी त्या तारखेचे आणि त्या वेळेचे आकाश मागवून घेतले आणि तेवढा शॉट बदलला.

दूरचा दिवा

बदलता येते हे खरे, पण नेहमी बदलावे काय? 'लगान'चे कथानक १८९३ सालचे आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये षटक पाच चेंडूंचे होते, सहा चेंडूंचे षटक १९०० पासून आले. आणि १९१० पर्यंत सहा धावा मिळण्यासाठी चेंडू सीमारेषेपलीकडे नव्हे, मैदानाबाहेर जावा लागे. या नियमांनी सामना खेळवला असता तर आजच्या प्रेक्षकाला दर षटकामागे समजावून सांगावे लागले असते. लेखकाने आजचे नियम घेतले आणि उत्तम केले. मी तिथे कोणाला वही काढू देणार नाही.

बोरू

मी मोडी वाचतो, त्यामुळे माझी दुखरी नस वेगळी आहे. चित्रपटात खलिता उघडला की पडद्यावर पत्र दिसते, आणि ते ठळक, सुटसुटीत देवनागरीत असते. शब्द वेगवेगळे, ओळी समान, प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आणि एका ठिकाणी तर उद्गारचिन्हसुद्धा होते. त्या काळचा मराठी पत्रव्यवहार मोडीत चाले. लेखक आधी कागदाच्या कडेपासून कडेपर्यंत शिरोरेषा ओढतो आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातो. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. ती इंग्रजी अमदानीत आली. कागद जुन्नरी किंवा दौलताबादी, हाताने केलेला. एका चित्रपटात मात्र चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद होता आणि उजेडात धरल्यावर त्यातला कारखान्याचा जलछाप दिसत होता.

प्रेक्षकाला वाचता यावे म्हणून देवनागरी घेतात, हे मला समजते. परंतु पत्र पात्र मोठ्याने वाचतच असते! मग पडद्यावर मोडी असली तर कोणाचे काय बिघडते? उलट, हुजऱ्याने पत्र वाचून दाखवताना कागदावर जे आहे तेच तो वाचतो आहे का, अशी शंका घेणारे एखादे पात्रही लेखकाला सुचेल.

भाषेचेही सांगतो. शिवकाळातील कागद फारसी शब्दांनी गच्च भरलेले आहेत. त्या शब्दांना संस्कृत पर्याय द्यावेत म्हणून 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घ्यावा लागला, यातच सर्व आले. पडद्यावर मात्र १६५० मधला शिलेदार विसाव्या शतकातील वृत्तपत्राच्या अग्रलेखासारखा बोलतो आणि फारसी शब्द तेवढे खलनायकाच्या वाट्याला येतात.

पायवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दूरचा दिवा यांच्या षटकांच्या उदाहरणाने मला माझी वही पुन्हा चाळायला लावली. त्यांचे म्हणणे मला असे समजते: जी चूक जाणून, कथेच्या गरजेसाठी केली जाते ती चूक नव्हे. हे मी मान्य करतो. पण माझ्या वहीतल्या किती चुका तशा आहेत? गाजर गवतामुळे कथेला काय मिळाले? पौर्णिमेमुळे छायाचित्रकाराला सोय मिळाली, लेखकाला काहीच मिळाले नाही. उलट निबिड अंधारात चाचपडत कडा चढणाऱ्या माणसांचे भय त्याने हातचे घालवले.

याच दृष्टीने मला वयांची चूक सर्वांत महाग वाटते, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. औरंगजेबाचा जन्म १६१८ चा. १६६६ च्या मे महिन्यात आग्र्याच्या दरबारात महाराज त्याच्यासमोर उभे राहिले तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि महाराज छत्तीस वर्षांचे. पडद्यावर तिथे शुभ्र दाढीचा, थरथरत्या बोटांनी जपमाळ ओढणारा म्हातारा बसलेला असतो, कारण त्याची जी चित्रे डोळ्यांसमोर राहतात ती उतारवयातली आहेत. तो १७०७ पर्यंत जगला. परिणाम असा होतो की एका ऐन भरातल्या, सत्ता हाती येऊन आठ वर्षे झालेल्या, हुशार आणि धोकादायक माणसाऐवजी प्रेक्षकाला एक चिडका वृद्ध दिसतो, आणि आग्र्याहून सुटणे आपोआपच सोपे वाटू लागते. ही चूक करून कथा दुबळी झाली आहे. संभाजीराजे त्या वेळी नऊ वर्षांचे होते. तिथेही कधी पाच वर्षांचे मूल असते, तर कधी मिसरूड फुटलेला मुलगा.

सातत्याच्या चुकांबद्दल माझे मत कपडेपट यांच्यामुळे बदलले. विझलेल्या वाती मी आता वहीतून खोडत आहे. त्यांनी कोणाची फसवणूक होत नाही. सातत्याची चूक पुढच्याच शॉटमध्ये स्वतःची कबुली देते. ज्या चुका चित्रपटभर नीट सांभाळलेल्या असतात, पहिल्या दृश्यापासून शेवटच्यापर्यंत एकसारख्या, त्या मात्र खऱ्या वाटतात, आणि पुढच्या चित्रपटाचा कलादिग्दर्शक त्यांनाच संदर्भ म्हणून समोर ठेवतो.

कपडेपट

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. संदर्भाची फाइल उघडली की तीत जुनी चित्रे थोडी आणि जुन्या चित्रपटांतली छायाचित्रे जास्त असतात. पेशवाईच्या उत्तरकाळातली पगडी शिवकाळात अशीच शिरली.

एक पुरवणी, फुलांबद्दल. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या मार्गाने आलेला. ज्ञानेश्वरांच्या काळावरील चित्रपटात, म्हणजे तेराव्या शतकात, झेंडूच्या माळा म्हणजे चूकच. राज्याभिषेकाच्या मंडपात त्याच माळा असल्या तर मी आक्षेप घेणार नाही. मिरचीचेही तेच. फुलाकडे पाहून चूक ठरत नाही, सन पाहून ठरते.

जुने दप्तर

धागा उशिरा वाचला. एका मुद्द्यावर कोणीच बोट ठेवलेले दिसले नाही, म्हणून लिहितो. पायवाट यांनी 'सर्वांत ढोबळ चूक' म्हणून जी सांगितली आहे ती चूक नाही. 'सिंहगड' हे नाव १६७० च्या आधीचे आहे. शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रात ते आढळते. 'गड आला पण सिंह गेला' या उद्गाराला जोडून नावाची उत्पत्ती सांगण्याची प्रथा नंतरची. ज्या लेखकाने तानाजी जिवंत असताना ते नाव पात्राच्या तोंडी घातले, त्याने बहुधा कागद पाहिले होते.

पायवाट (धागाकर्ता)

१६६३ च्या पत्राचा छापील उतारा आज पाहिला. जुने दप्तर यांचे म्हणणे बरोबर आहे. पहिल्या प्रतिसादातील ते वाक्य खोडत नाही, कारण पुढची चर्चा कळणार नाही; मात्र वहीतली ती नोंद मागे घेतली आहे, आणि त्या लेखकाबद्दल मी जे लिहिले तेही. तो चित्रपट आज रात्री पुन्हा पाहतो. चंद्र कोणता दाखवला आहे ते उद्या लिहीन.